प्रोसेसर बदलणेबाबत

रविवारी संध्याकाळी पाच वाजून अकरा मिनिटांनी किल्ल्याचा उत्तर दरवाजा सताड उघडा राहिला, आणि शत्रूचे तीन भालाईत जेवणानंतर शतपावलीला निघाल्यासारखे रमतगमत आत शिरले. तो दरवाजा बंद करायचं काम यज्ञेश्वर पाठकांचं होतं. त्यांनी बटण वेळेवर दाबलं होतं. एकदा नव्हे, अकरा वेळा दाबलं होतं. पण कॉम्प्युटरच्या पडद्यावर सगळं जागच्या जागी थिजलं होतं, आणि हलायला लागलं तेव्हा भालाईत कोठारापर्यंत पोचले होते.

फळीतल्या बाकीच्या चौघांनी कसाबसा किल्ला राखला, सामना जिंकला आणि पाठकांची फळी अंतिम फेरीत गेली. ही झाली आनंदाची बातमी. ती पुरती गिळायच्या आत पुण्याच्या अनीशचा निरोप आला. हा अनीश फळीतला दोन नंबरचा खेळाडू, वयाने पाठकांच्या मुलापेक्षा, समर्थपेक्षाही लहान. त्याने लिहिलं होतं, "काका, तुमचं मशीन दमलंय. प्रोसेसर बदलून घ्या. नाहीतर रविवारी फायनलला मी कॅप्टन होतो, तुम्ही बाजूला बसून सूचना द्या."

पाठकांनी तो निरोप चष्मा पुसून पुन्हा वाचला. 'बाजूला बसून' हे दोन शब्द त्यांना लागले. ते का लागले हे कळायला एवढंच ठाऊक असलं तरी पुरे, की देवळाली प्रवरेत ज्यांना सगळे 'भाऊसाहेब' म्हणतात ते हे पाठक चौतीस वर्षं कचेरीत कारकून होते, दोनदा त्यांना साहेबांच्या खुर्चीवर बसायला मिळालं, आणि दोन्ही वेळा सहीच्या खाली शिक्का होता 'प्रभारी'. एकदा चार महिने, एकदा नऊ दिवस. निवृत्तीनंतर समर्थ बंगळूरला नोकरीला गेला, आपला खेळायचा दणकट कॉम्प्युटर मागे ठेवून गेला, आणि भाऊसाहेब त्यावर पेन्शनचा अर्ज भरता भरता किल्ले राखायला शिकले. पाच जणांची फळी, समोर पाच शत्रू, चाळीस मिनिटं किल्ला टिकवायचा. कर्णधाराने सगळा किल्ला डोळ्यांखाली ठेवायचा, दरवाजे उघडायचे-मिटायचे आणि माणसं हलवायची. हे काम भाऊसाहेबांना असं जमलं की श्रीगोंद्याच्या मनवाने, जी फार्मसी शिकते आणि वाघिणीसारखी लढते, तिनेच त्यांचं नाव कर्णधार म्हणून सुचवलं. मागे प्रभारी नाही, पुढे प्रभारी नाही. नुसता कर्णधार.

ते पद जायला आता सातच दिवस उरले होते.

सोमवारी सकाळी आंघोळ आटोपून भाऊसाहेबांनी जे केलं ते तुम्हीआम्ही केलं नसतं. त्यांनी एक फाईल उघडली. गुलाबी पुठ्ठा, पांढरा बंद, आणि वर मोत्यासारख्या अक्षरात: 'विषय : घरातील संगणकाचा प्रोसेसर बदलणेबाबत.' आत पहिलीच टिपणी. 'सदर संगणक माहे नोव्हेंबरपासून अडखळत आहे. खेळ सुरू केल्यावर साधारण वीस मिनिटांनी चित्र थिजते. प्रोसेसर सहा वर्षे जुना आहे. बदलावा किंवा कसे, याबाबत संबंधितांचे अभिप्राय घेऊन निर्णयार्थ सादर.' कोणाला सादर, हे लिहिताना हात क्षणभर थांबला. घरात ते आणि विजयाबाई दोघंच. त्यांनी 'सादर' एवढ्यावर पूर्णविराम दिला.

विजयाबाईंनी फाईल पोळ्या लाटता लाटता वाचली आणि पिठाच्या बोटांनी समासात लिहिलं, 'चर्चा करावी.' चौतीस वर्षं नवऱ्याच्या तोंडून कचेरी ऐकून त्यांना एवढं येत होतं. चर्चा करावी लिहिलं की महिनाभर कुणी विचारत नाही, हेही येत होतं.

चर्चा त्याच वेळी दिवाणखान्यात सुरू झाली, पण भाऊसाहेबांनी ती नोंदवली नाही. त्याचं असं झालं, की लंकाबाई तेव्हा टेबलाखाली फरशी पुसत होत्या. लंकाबाई या घरी वीस वर्षं कामाला आहेत आणि त्यांना घरातल्या प्रत्येक वस्तूविषयी मत आहे. टेबलाखालच्या कॉम्प्युटरच्या पेटीला हात लागताच त्यांनी तो झटकन मागे घेतला.

"भाऊसाहेब, ही पेटी लई तापलीय. उकडतंय तिला."

भाऊसाहेब त्या वेळी सराव म्हणून एक छोटा किल्ला लढवत होते. ते मान न वळवता म्हणाले, "लंकाबाई, अभिप्राय लेखी लागतो."

"मला कुठं लिव्हता येतंय?"

"मग राहू द्या."

लंकाबाईंनी राहू दिलं. बादली उचलली आणि त्या मोरीत गेल्या.

मंगळवारी फाईल शेजारी गेली, आप्पासाहेबांकडे. आप्पासाहेबांचा पंधरा एकर ऊस, तीन ट्रॅक्टर, आणि कुठल्याही यंत्राला ट्रॅक्टर समजून बोलायची सवय. त्यांनी फाईल उलटी धरली, सुलटी धरली आणि तोंडीच सांगायला सुरुवात केली. भाऊसाहेबांनी पेन पुढे केलं. तेव्हा त्यांनी पान भरून लिहिलं, त्याचा मथितार्थ असा, की इंजिन कधी एकटं बदलू नये. इंजिन बदललं की गिअरबॉक्स कुरकुरतो, गिअरबॉक्स बदलला की मागचा एक्सल बोलायला लागतो, आणि शेवटी जुन्याची नुसती नंबरप्लेट उरते. खाली सही, आणि सहीखाली गट नंबर, कारण आप्पासाहेब सातबाऱ्यावर सोडून दुसरीकडे कुठे फारशी सही करत नसत.

हे अज्ञानातून आलेलं मत म्हणून भाऊसाहेबांनी मनात बाजूला ठेवलं. बुधवारी ते तज्ज्ञाकडे निघाले. राहुरीत एसटी स्टँडजवळ कानिफनाथचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. पेटी रिक्षातून न्यायची होती. निघताना विजयाबाई धावत आल्या आणि पेटीवरचं आवरण काढून घेऊन घडी करून कपाटावर ठेवलं. रिक्षात मळेल म्हणाल्या.

या आवरणाविषयी दोन शब्द सांगायला हवेत. विजयाबाईंच्या घरात उघडी वस्तू राहत नाही. मिक्सरला झबलं आहे, फ्रीजच्या डोक्यावर रुमाल आहे, रिमोटला प्लास्टिकची पिशवी आहे. दिवाळीनंतर ऊस गाळप सुरू झालं की हवेतून कारखान्याची काळी काजळी उतरते आणि वाळत घातलेल्या धोतरापासून देवाच्या तसबिरीपर्यंत सगळ्यांवर बसते. तशी ती यंदाही बसू लागली तेव्हा कॉम्प्युटर उघडा कसा ठेवायचा? विजयाबाईंनी भाऊसाहेबांच्या निरोपसमारंभातली शाल काढली, चांगली जाड, मरून रंगाची, जरीच्या काठाची. तिला आतून अस्तर लावलं आणि पेटीच्या मापाचा अंगरखा शिवला. चालू करायच्या बटणापाशी एक छोटं झाकण, त्याला टिचबटण. वायरींना मागून एक काज. भाऊसाहेबांना ती कल्पना मनापासून आवडली होती. शाल नाहीतरी ट्रंकेत पडून असती. आता ती दोन पावलांवर दिसे आणि सत्काराची आठवण ताजी राही.

तर पेटी उघड्या अंगाने राहुरीला गेली. कानिफनाथने ती टेबलावर घेतली, भाऊसाहेबांचाच किल्ला तिच्यावर लावला आणि वीस मिनिटं झाली, तीस झाली, चाळीस झाली. दरवाजे खटाखट मिटत होते. पडदा एकदाही थिजला नाही. कानिफनाथने मान हलवली. म्हणाला, प्रोसेसर जुना आहे हे खरं, बदलायचा तर बदलू, पण त्याला नवा बोर्ड लागेल, बोर्डाला नवी मेमरी लागेल, आणि तेवढं सगळं पोसायला नवा पॉवर सप्लाय लागेल. आप्पासाहेबांचं पान भाऊसाहेबांच्या काखेतल्या फाईलमध्ये होतं. ते त्यांना एकदम जड वाटू लागलं.

"आणि माझ्याकडं तर ठीक चालतंय, भाऊसाहेब," कानिफनाथ म्हणाला. "तुमच्या घरच्या विजेचंच काहीतरी बघा."

घरी आल्याबरोबर विजयाबाईंनी अंगरखा पुन्हा चढवला, टिचबटण लावलं. भाऊसाहेबांनी किल्ला सुरू केला. अठराव्या मिनिटाला सगळं थिजलं. दुकानात धट्टंकट्टं आणि घरात आजारी, असं मूल असतं तसं यंत्र असू शकतं हे त्यांना नवीन होतं. त्यांनी फाईलवर लिहिलं, 'दोष घरातील वीजपुरवठ्यात असण्याची शक्यता नाकारता येत नाही.' चार दिवस उरले होते.

गुरुवारी ते वीज कार्यालयात गेले. घराचा मंजूर भार वाढवून मिळावा आणि पुरवठा तपासला जावा, असा अर्ज. खिडकीपलीकडे ज्योतीताई नावाच्या बाई होत्या, तिशीच्या, केसांत पेन खोचलेलं. त्यांनी अर्ज शांतपणे वाचला. भारवाढीचं कारण या रकान्यात भाऊसाहेबांनी प्रामाणिकपणे लिहिलं होतं, 'गेमिंग.'

ज्योतीताईंनी विचारलं की किती जण खेळतात. भाऊसाहेब म्हणाले, पाच. एकाच ठिकाणी? नाही, एक पुण्यात, एक श्रीगोंद्यात, दोघं संगमनेरला. मग हा व्यवसाय आहे का? नाही. मग बक्षीस असतं का? ढाल असते, म्हणजे पडद्यावर दिसते. ज्योतीताईंनी केसांतलं पेन काढलं आणि समासात बारीक अक्षरात लिहिलं, 'वापर घरगुती की व्यापारी, याचा खुलासा घ्यावा. उपकरणाचा तपशील जोडलेला नाही. त्रुटीपूर्ततेसाठी परत.'

भाऊसाहेबांनी ते वाचलं आणि त्यांना गलबलून आलं. शब्द न् शब्द त्यांचाच होता. 'त्रुटीपूर्ततेसाठी परत' हे त्यांनी आयुष्यात किती लोकांना लिहून दिलं होतं, आणि ते लोक खिडकीपाशी असेच उभे राहिले होते, आणि त्यांना आपल्या वळणदार अक्षराचं कौतुक वाटेल अशी आपली समजूत होती. त्यांनी तिथेच बाकावर बसून तीन प्रतींत त्रुटी पूर्ण केली. ज्योतीताईंनाही बहुधा एवढा नेटका अर्जदार प्रथमच भेटला असावा. त्या म्हणाल्या, उद्या दुपारी तपासणीला येते.

इतकं सुरळीत कधी काही होत नसतं, आणि झालंही नाही. कारण तोवर आप्पासाहेबांना राहवलं नव्हतं. शेजाऱ्याची लाज रविवारी जगासमोर जाणार, आणि आपल्या घरी ठणठणीत वीज असताना आपण बघत बसायचं, हे त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. शुक्रवारी सकाळी त्यांनी स्वतःच्या घरातून एक जाडजूड काळी केबल काढली, सामाईक भिंतीवरून टाकली, खिडकीतून आत घेतली आणि भाऊसाहेबांचा कॉम्प्युटर तिला जोडला. भाऊसाहेबांनी आधी नियम सांगायचा प्रयत्न केला. पण दोन दिवसांवर सामना आला होता आणि माणसाचा नियमांवरचा विश्वास अशा वेळी जरा सैल होतो. ते खेळायला बसले. एकोणिसाव्या मिनिटाला पडदा थिजला, आणि विसाव्या मिनिटाला दारात ज्योतीताई लाइनमनसह उभ्या राहिल्या.

दोन घरांमध्ये लोंबकळणारी केबल लपवणं कुणालाही शक्य नव्हतं. ज्योतीताईंनी तिच्याकडे बघितलं, मग भाऊसाहेबांकडे बघितलं. एका मीटरची वीज दुसऱ्या घरात नेणं नियमात बसत नाही, हे त्यांनी सांगण्याआधीच भाऊसाहेबांनी कलमासकट सांगितलं. ते त्यांनी का सांगितलं हे त्यांनाही नंतर उमगलं नाही.

आप्पासाहेब पुढे झाले. "ताई, शेजाऱ्याला वाटीभर कालवन देतो, तशी वीज दिली. त्यात काय चोरी हाय व्हय?"

ज्योतीताई म्हणाल्या, कालवणाला मीटर नसतो.

मग पंचनामा झाला. पंच म्हणून समोरच्या किराणा दुकानदाराला बोलावलं, तो आला तो गिऱ्हाइकांना घेऊनच आला. चौतीस वर्षं ज्या माणसाच्या हातून गावाचे पंचनामे लिहिले गेले, तो स्वतःच्या दिवाणखान्यात 'समक्ष हजर असलेले इसम' म्हणून उभा होता. लाइनमनने जबाब लिहायला घेतला. त्याने 'केबल टाकल्याचे कबूल' असं लिहिलं तेव्हा भाऊसाहेबांना राहवेना; त्यांनी कागद ओढून घेतला आणि स्वतःविरुद्धचा जबाब स्वतःच शुद्ध मराठीत लिहून दिला. खाली मान घालून सही केली. दुकानदाराच्या गिऱ्हाइकांपैकी कोणीतरी हळूच विचारलं, की भाऊसाहेबांनी काय चोरलं. आपल्याला त्या क्षणी जमिनीत जायला आवडेल असं भाऊसाहेबांना अगदी स्पष्ट वाटलं.

केबल उतरवली. ताकीद मिळाली. जाण्याआधी ज्योतीताईंनी कर्तव्य म्हणून घरचा पुरवठाही तपासला. लाइनमनने मीटर लावला, दोनदा बघितला, आणि सांगितलं की वीज एकदम उत्तम आहे, अख्ख्या आळीत एवढी चांगली नसेल.

म्हणजे यंत्रात दोष नाही आणि घरातही दोष नाही. भाऊसाहेबांनी फाईलवर तसं लिहिलं. उरला कोण, तर ते स्वतः. अनीश मशीन दमलंय म्हणाला होता, पण कदाचित पोराने सभ्यपणे म्हटलं असेल.

विजयाबाईंनी त्यांच्यापुढे चहा ठेवला. म्हणाल्या, "अहो, बदलून टाका एकदाचा तो प्रोसेसर. तुमचा चेहरा बघवत नाही मला." आणि त्यांनी फाईल ओढून 'चर्चा करावी' खोडलं, तिथे लिहिलं, 'यथोचित निर्णय घ्यावा.'

हे फारच कठीण होऊन बसलं. कारण आता फाईल फिरून फिरून भाऊसाहेबांच्याच पुढ्यात आली होती.

शनिवारी पेटी परत राहुरीला गेली. शाल परत कपाटावर. कानिफनाथने ओळखीने नवा प्रोसेसर, बोर्ड, सगळं मागवून ठेवलं होतं. पसंत नसेल तर परत करायच्या बोलीवर. तो म्हणाला, बसवायला चार तास लागतील, दुकान सहाला बंद, उद्या भाचीच्या लग्नाला जायचंय, तेव्हा काय ते दोनपर्यंत सांगा. आणि शेवटचं म्हणून त्याने जुन्या यंत्रावर पुन्हा किल्ला लावला. अकरा वाजता लावलेला किल्ला एक वाजेपर्यंत पुन्हा पुन्हा चालला. एकदाही अडखळला नाही.

"तुमी सांगाल तर बसवतो," कानिफनाथ म्हणाला. "पन मला विचाराल, तर ठणठणीत पेशंटच्या पोटावर मी सुरी ठेवनार न्हाई. सांगा आता."

भाऊसाहेबांनी फाईल उघडली. आप्पासाहेब, बदलू नये. कानिफनाथ, बदलू नये. विजयाबाई, यथोचित. अनीश, बदला. खाली त्यांनीच आखलेला रकाना होता, 'निर्णय'. त्यांनी पेन टेकवलं आणि उचललं. आयुष्यभर त्यांनी टिपण्या लिहिल्या होत्या, बाजू मांडल्या होत्या, नियम जोडले होते, आणि शेवटी सादर लिहून कागद वर पाठवला होता. वर कोणीतरी असे. प्रभारी असतानासुद्धा त्यांनी महत्त्वाचे कागद साहेब रजेवरून येईपर्यंत दाबून ठेवले होते. किल्ल्यात मात्र त्यांना कधी थांबावं लागलं नव्हतं. तिथे दरवाजा मिटायचा म्हणजे मिटायचा. मग इथेच हात का उठत नाही, याचा त्यांना राग आला आणि रागानेही हात उठला नाही. दोन वाजले, सव्वादोन वाजले. कानिफनाथने एकदा घड्याळाकडे बघितलं, आणि नव्या सामानाचे खोके पुन्हा फडताळात ठेवले.

रविवारी चारला सामना होता. साडेतीनला भाऊसाहेबांनी धुतलेला सदरा घातला. खेळात कुणाला सदरा दिसत नाही, पण घातला. विजयाबाईंनी पेटीच्या अंगरख्याची सुरकुती काढली, जरीचा काठ सारखा केला आणि पेटीला हळदीकुंकू लावलं. आप्पासाहेब खुर्ची घेऊन मागे बसले, हाताची घडी घालून, केबलीवाचून.

पहिली पंधरा मिनिटं छान गेली. भाऊसाहेबांचा आवाज खणखणीत होता. मनवाला त्यांनी पश्चिम बुरुजावर ठेवलं, अनीशला दरवाज्यापाशी, आणि संगमनेरचे दोघे मावसभाऊ, जे कधीच एक अक्षर बोलत नसत, त्यांना पूर्वेच्या भिंतीवर. सतराव्या मिनिटाला चित्र एकदा लचकलं. अठराव्या मिनिटाला उत्तर दरवाज्यासमोर धूळ उठली, तेच भालाईत. त्यांनी बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं.

कानातल्या यंत्रात अनीशचा आवाज आला. "काका, सूत्रं माझ्याकडे द्या. लगेच द्या."

कार्यभार सोपवायला एकच बटण होतं. भाऊसाहेबांचं बोट त्याच्यावर गेलं. विजयाबाईंनी तोंडाला पदर लावला. आप्पासाहेब उठून उभे राहिले आणि उगाचच खिडकीकडे गेले.

त्याच वेळी भांडी घासायला आलेल्या लंकाबाई हातात सूप घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. त्यांनी नवराबायको दोघांचे चेहरे बघितले, टेबलाखाली वाकल्या, पेटीला हात लावला आणि कुणालाही काही न विचारता टिचबटण तोडत शाल खसकन ओढून काढली. तापानं फणफणलेल्या पोराच्या अंगावरची गोधडी काढावी, तशीच. आतून उष्ण हवेचा असा लोट आला की भाऊसाहेबांचं धोतर हललं. लंकाबाईंनी हातातल्या सुपाने पेटीला वारा घालायला सुरुवात केली.

"सोमवारीच सांगितलं हुतं," त्या म्हणाल्या.

पेटीतला पंखा घरघर करत होता, आणि ती घरघर हळूहळू उतरत गेली. विजयाबाई शालीकडे बघत होत्या, मग कपाटाकडे बघितलं, जिथे ती बुधवारी आणि शनिवारी घडी घालून ठेवली होती. त्यांना सगळं एकदम कळलं. भाऊसाहेबांना कळायला आणखी एक क्षण लागला, कारण त्यांचे डोळे पडद्यावर होते. पडदा हलला. भालाईत दोन पावलांवर होते.

त्यांनी सोपवायच्या बटणावरून बोट उचललं.

"सूत्रं माझ्याकडेच राहतील," ते म्हणाले. "अनीश, आत ये. दरवाजा मिटतोय."

दरवाजा मिटला. भालाइताचा भाला दारात अडकून राहिला तो शेवटपर्यंत तसाच होता.

पुढची एकवीस मिनिटं कशी गेली ते आप्पासाहेब आजही पारावर सांगतात, आणि त्यांच्या सांगण्यात दर वेळी शत्रू वाढतात. खरं एवढंच, की पडदा पुन्हा थिजला नाही, लंकाबाईंचं सूप थांबलं नाही, आणि भाऊसाहेबांनी एकदाही कुणाला विचारून काही केलं नाही. किल्ला पडला. हो, पडला. एकोणचाळिसाव्या मिनिटाला पूर्वेच्या भिंतीवरून शत्रू आत आले, कारण संगमनेरच्या मावसभावांना शिड्या लागलेल्या दिसल्या होत्या आणि दोघांनाही वाटलं, दुसरा सांगेल. पण किल्ला पडेपर्यंत उत्तर दरवाजा बंद होता. सामना संपला. मग मनवा म्हणाली की काका, काय खेळलात. आणि अनीशने जरा खाकरून विचारलं, की पुढच्या मोसमात कॅप्टन तुम्हीच ना.

"हो," भाऊसाहेब म्हणाले.

विजयाबाईंचे डोळे भरले होते. मीच घातली होती ती, असं त्या दोनदा म्हणाल्या. भाऊसाहेबांनी शाल उचलली, झटकली, आणि म्हणाले की रोज समोर दिसावी म्हणून मलाही ती तिथे हवी होती, तेव्हा निम्मा जबाब माझा. मग ते फाईल घेऊन स्वयंपाकघरात गेले. लंकाबाई भांडी विसळत होत्या.

भाऊसाहेब पाटावर बसले. त्यांनी पहिलं पान उघडलं, स्वतःच्या टिपणीच्याही वर मोकळी जागा होती तिथे पेन धरलं आणि म्हणाले, "सांगा लंकाबाई. मी लिहून घेतो."

"आता काय सांगायचं? झालं की समदं."

"तरी सांगा."

लंकाबाईंनी ओले हात पदराला पुसले. "पेटी तापलीय. उकडतंय तिला. शाल काढा."

भाऊसाहेबांनी ते शब्द तसेच्या तसे लिहिले, एकही न सुधारता, आणि वाचून दाखवले. अंगठा द्यायला मात्र लंकाबाई तयार होईनात. कागदावर अंगठा दिऊन कुनाचं भलं झालंय, असं त्यांचं मत पडलं, आणि तेही त्यांनी तोंडीच दिलं. भाऊसाहेबांनी आग्रह केला नाही. त्यांनी शेवटचं पान काढलं, जिथे 'निर्णय' हा रकाना कालपासून कोरा होता.

'अभिप्राय क्र. १ मान्य. प्रोसेसर बदलण्याची आवश्यकता नाही. नस्ती बंद करण्यात येत आहे.'

खाली त्यांनी सही केली, आणि सहीखाली सवयीने 'प्र' लिहिला. तेवढ्यावरच ते थांबले. तो एका रेघेने खोडला, शेजारी नियमाप्रमाणे आद्याक्षरी केली, आणि पुढे सावकाश, वळणदार अक्षरात लिहिलं, 'कर्णधार'.